ज्याच्या हाती ओटीपी

घरात येणारे प्रत्येक यंत्र दोन कामे करते. एक काम त्याच्या खोक्यावर छापलेले असते. दुसरे छापलेले नसते, पण तेच जास्त चोख होते: घरातले कर्तेपण एकाकडून काढून दुसऱ्याकडे देणे. जुन्नर तालुक्यातले आळे हे गाव या दुसऱ्या कामाच्या अभ्यासाला फार सोयीचे आहे. पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन मोठे रस्ते आळेफाट्यावर एकमेकांना छेदतात. त्यामुळे मुंबई, पुणे, नाशिक यांपैकी कुठल्याही बाजारात आलेली वस्तू गावात पोहोचायला फार दिवस लागत नाहीत. निम्मे घर गावात आणि निम्मे मुंबई-पुण्याला, ही इथल्या कुटुंबाची जुनी रचना. अशा कुटुंबाला एकत्र म्हणावे की विभक्त, हा प्रश्न समाजशास्त्रज्ञांना नेहमी पडतो. कुटुंबाला तो वाटणीच्या वेळीच पडतो.

बोलणाऱ्या नवलाचे गावाला वावडे नाही. ज्ञानेश्वर महाराजांनी पैठणला ज्याच्या मुखातून वेद वदवले, त्या रेड्याची समाधी आळ्यात आहे आणि चैत्र वद्य एकादशीला तिथे मोठी यात्रा भरते. ज्या गावाने ही गोष्ट शतकानुशतके श्रद्धेने सांभाळली, त्या गावाला लाकडी पेटी बोलू लागली म्हणून घाबरायचे कारण नव्हते. पुण्याचे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. पुढे ज्या घरात रेडिओ आला त्या घरात तो कोनाड्यात किंवा उंच फळीवर बसला. त्याला भरतकामाची झालर मिळाली, जी घरातल्या सुनेलाही तोवर मिळालेली नव्हती. रेडिओला परवाना लागे, तो टपाल कचेरीत काढावा लागे आणि तो घरातल्या वडीलधाऱ्याच्या नावावर असे. म्हणून कान पिळण्याचा अधिकारही त्याचाच. सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या संपेपर्यंत घरात कोणी मोठ्याने बोलायचे नाही, असा दंडक होता. सेल उतरले की ते उन्हात वाळत ठेवायचे आणि आणखी चार दिवस चालवायचे, ही त्या काळातली घरोघरची विद्या. उन्हात एकीकडे कुरडया आणि दुसरीकडे सेल, यांपैकी पाखरांपासून राखण फक्त कुरडयांची होई. सेलांची राखण नातवंडांपासून करावी लागे.

रेडिओने कर्त्याची सत्ता वाढवली. ती कमी करण्याचे काम टीव्हीने केले. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. गावोगावच्या छपरांवर अँटेना उगवायला मात्र आणखी बरीच वर्षे जावी लागली. अँटेना ही गोष्ट नव्या पिढीला समजावून सांगणे अवघड आहे. तिला किमान तीन माणसे लागत. एक पत्र्यावर, एक खिडकीत आणि एक टीव्हीसमोर. टीव्हीसमोरचा ओरडे, ‘आलं, आलं!’, खिडकीतला तेच वर पोहोचवी, आणि तेवढ्यात पत्र्यावरच्याने हात काढलेला असे, त्यामुळे टीव्हीसमोरचा म्हणे, ‘गेलं!’ ज्याने हात लावला की चित्र येते त्याने हात लावूनच उभे राहावे, असा तोडगा काही घरांत निघाला आणि तो मान बहुधा धाकट्या काकाला मिळाला. घरातल्या सगळ्यांनी मिळून चालवायचे हे शेवटचे यंत्र. त्यानंतर आलेल्या कुठल्याही यंत्राला एकापेक्षा जास्त माणूस लागलेला नाही, आणि एका यंत्राला दोन माणसे लागली की हल्ली भांडण होते.

२५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी ‘रामायण’ दिसू लागले. ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या दारात चपलांचा ढीग, असा हिशेब होता. घरमालक खुर्चीत, बाकी आळी जमिनीवर. प्रतिष्ठा मोजायची ही इतकी सोपी पद्धत पुन्हा मिळाली नाही. पण त्याच काळात घरातल्या बाईलाही टीव्हीसमोर बसायची जागा मिळाली, आणि तिथूनच कर्त्याच्या पायाखालची सतरंजी सरकायला लागली. १५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा मराठी सुरू झाली. त्यामागून आणखी वाहिन्या आल्या, रोजच्या मालिका आल्या आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला रिमोट सासूच्या मांडीवर आला. संध्याकाळचे जेवण मालिकेच्या आधी किंवा जाहिरातीत, असे नवे वेळापत्रक लागले. पुरुषमंडळी पारावर गेली. गावातल्या पारांवर राजकारणाची चर्चा वाढली ती लोकजागृतीमुळे, असे मानण्याची पद्धत आहे. खरे कारण घरात चालू असलेली मालिका हे होते.

टेलिफोनची गोष्ट जुन्नर तालुक्यात जरा गमतीची आहे, कारण इथे जे आधी यायला हवे ते नंतर आले. नारायणगावजवळ आर्वी इथे १९७१ मध्ये परदेशी संपर्कासाठी उपग्रह भूस्थानक सुरू झाले. देशातले हे अशा प्रकारचे पहिले व्यापारी केंद्र, पुढे विक्रम साराभाईंच्या नावाने ओळखले जाणारे. म्हणजे लंडनशी होणारे बोलणे या तालुक्याच्या आभाळातून जात होते आणि त्याच वेळी तालुक्यातल्या माणसाला मुंबईच्या भावाशी बोलायचे तर ट्रंक कॉल नोंदवून वाट पाहत बसावे लागत होते. बहुतेक जण वाट पाहत नसत, पत्र लिहीत. पत्राला एक मोठी सोय होती. ‘इकडे सर्व खुशाल आहे’ हे वाक्य लिहून पोहोचेपर्यंत ते खरे आहे की नाही, हे विचारायला पलीकडचा माणूस नसे.

पुढे फाट्यावर पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ आले. रात्री उशिरा दर उतरत, म्हणून खुशाली रात्री उशिरा विचारली जाई. बूथमध्ये समोर लाल आकडे पळत असत आणि त्या आकड्यांच्या धाकाने मराठी भाषेला पूर्वी कधी नव्हता एवढा नेमकेपणा आला. ‘पोचलो. बरंय. पैसे पाठवतो. ठेवतो.’ एवढ्यात सगळे नाते निभावले जाई. नंतर ज्यांच्या घरी फोन आला त्यांनी डायलला कुलूप लावले. किल्ली पुन्हा वडिलांच्या जानव्याला किंवा करगोट्याला गेली, आणि कर्तेपण काही वर्षांपुरते घरी परतले. त्याचा हा शेवटचा मुक्काम.

मोबाइलने ते कायमचे हलवले. सुरुवातीच्या काळात बोलणे महाग होते, म्हणून घराघरांत मिस्ड कॉलची लिपी तयार झाली. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे फाट्यावर घ्यायला ये. तीन रिंग म्हणजे काय, यावर घरात एकमत नव्हते आणि त्यामुळे बरेच लोक फाट्यावर ताटकळले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली, डेटा स्वस्त झाला आणि लिपी मेली. आता रोजचा दीड-दोन जीबी डेटा मध्यरात्री बारा वाजता संपतो, वापरला नाही तर वाया जातो. ज्या पिढीला पानात काही टाकायचे नाही हे लहानपणी धपाटे घालून शिकवले गेले, तिच्या मनाला हे लागते. म्हणून घरातले आजोबा रात्री साडेअकराला कीर्तनाचा आणखी एक व्हिडिओ लावतात आणि बाराच्या ठोक्याला समाधानाने झोपतात. सकाळी तेच आजोबा नातवाला म्हणतात, ‘सारखा त्या मोबाइलात तोंड घालून काय बसतोस?’ यात विसंगती नाही. नातू स्वतःसाठी बघतो, आजोबा वाया जाऊ नये म्हणून बघतात.

आळ्यापासून थोड्या अंतरावर खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, त्यांतल्या चौदा मध्यभागी आणि बाकीच्या तीन बाजूंना दूरवर पसरलेल्या. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. जवळपास ८८० कोटी वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतल्या हायड्रोजनने सोडलेला संकेत या दुर्बिणीने पकडल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. दर वर्षी विज्ञान दिनाला शाळांची मुले ती पाहायला जातात आणि इतक्या लांबचा, इतका क्षीण आवाज ऐकू कसा येतो, हे तोंडात बोट घालून समजून घेतात. घरी आल्यावर तीच मुले कानात बोंडे घालून बसतात आणि स्वयंपाकघरातून तिसऱ्यांदा आलेली ‘जेवायला चल’ ही हाक त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. विज्ञानाच्या दृष्टीने इथे अंतराचा प्रश्न नाही, इच्छेचा आहे. काही आयांनी हाक मारणे सोडून दिले आहे. त्या वायफाय बंद करतात. मूल दहा सेकंदांत पाटावर येते.

कौटुंबिक ग्रुप हा या विषयातला सर्वांत भरघोस भाग. पूर्वी भावकीची बैठक लग्नाला, मयताला किंवा बांधावरून भांडण झाले की भरे. आता ती पहाटे साडेपाचला भरते आणि उगवत्या सूर्याच्या चित्राने सुरू होते. ग्रुपचा अॅडमिन हा नवा कर्ता. तो वयाने लहान असतो, कारण ज्याला ग्रुप तयार करता आला त्याने केला. पण एकदा अॅडमिन झाला की थोरल्या काकांनाही त्याच्याकडे मानाने पाहावे लागते, कारण काढून टाकण्याचा अधिकार त्याच्याकडे असतो. रुसण्याची पद्धतही सुटसुटीत झाली आहे. पूर्वी रुसलेल्या आत्याला जेवणाच्या पंगतीतून उठून जावे लागे, म्हणजे उपाशी राहावे लागे. आता ‘ग्रुप सोडला’ एवढी ओळ पडते आणि आत्या जेवूनखाऊन रुसू शकते. मग तिला परत जोडण्यासाठी तीन घरांतून फोन जातात. दुसऱ्याच दिवशी सूर्य उगवतो.

लग्नपत्रिका पीडीएफमध्ये येऊ लागल्यापासून ‘हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे’ या वाक्याला खरी धार आली. पूर्वी ते छापत आणि तरी घरी येऊन अक्षता देत. आता वाक्याचे पालन शब्दशः होते. त्यावर मानपानाची नवी शाखा निघाली आहे: पत्रिका ग्रुपवर आली की वैयक्तिक आली. ग्रुपवर आली तर मंडळी जात नाहीत. वैयक्तिक आली तर जातात, पण दोन निळ्या रेघा दिसूनही उत्तर द्यायला दोन दिवस लावतात. अपमानाची परतफेड व्हायला हवी.

ग्रुपवर बिबट्याही असतो. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हा जुन्नर वनविभागाचा टापू. उसामुळे बिबट्यांना आडोसा मिळाला आणि माणसांची रात्र अवघड झाली. ही गोष्ट गंभीर आहे आणि ती ज्यांच्या दारात घडते त्यांना तिच्यात काही विनोदी दिसत नाही. विनोदी आहे तो फक्त व्हिडिओ. एकाच बिबट्याची एकच क्लिप एकाच संध्याकाळी तीन तालुक्यांत ‘आत्ताच आपल्या मळ्यात’ म्हणून फिरते. एवढी धाव खऱ्या बिबट्याला जमत नाही. मुंबईचा भाऊ ती पाहून गावाला फोन करतो, ‘बाहेर पडू नका’. गावचा भाऊ त्या वेळी गोठ्यात धार काढत असतो आणि त्याला ती क्लिप अजून मिळालेलीही नसते.

या रात्रींवर यंत्राने एक उत्तर काढले आहे, आणि ते खरोखर उपकाराचे आहे. शेतीपंपाला थ्री फेज वीज कधी दिवसा मिळते, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की बॅटरी आणि काठी घेऊन विहिरीवर जावे लागे. आता स्टार्टरला मोबाइल ऑटो बसवतात. त्यात सिमकार्ड असते. शेतकरी अंथरुणातून मोटरीला फोन लावतो, बटण दाबतो आणि मोटर चालू झाल्याचे पलीकडून ऐकतो. घरच्या बाईची रात्रीची काळजी कमी करणारे इतके गुणी यंत्र दुसरे नाही. मात्र त्याने तुलनेची एक वाईट सवय लावली. मोटर पहिल्या रिंगला फोन उचलते. पुण्यात शिकायला ठेवलेला मुलगा उचलत नाही. मोटर लाइट गेली तर स्वतःहून फोन करून कळवते. मुलगा पैसे संपले तरच करतो. दोघांचाही रिचार्ज बापच मारतो. त्यामुळे बापाचा जीव मोटरीत का गुंतला आहे, हे घरातल्या कोणाला विचारावे लागत नाही.

२०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि शाळेने घराची वाट धरली. राज्यात ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नावाने अभ्यासमाला चालली. घरात मोबाइल एक, मुले तीन आणि तिघांचे तास एकाच वेळी, असा प्रसंग घरोघर होता. त्यातून ‘मोठ्याचं दहावीचं वर्ष आहे’ हे वाक्य पुढे आले. धाकट्याला ते पुढची दोन वर्षे पुरून उरले. रेंज टेकावर किंवा आंब्याखाली येई, तिथे वर्ग भरे, आणि मास्तरांच्या आवाजात कोंबडा, ट्रॅक्टर आणि ‘म्यूट कर रे’ मिसळे. बापांना या काळात एक मोठा शोध लागला: मूल शाळेत शिकत होते ते आपल्यालाही येत नाही. पण तोवर घरातला सर्वांत शिकलेला माणूस बारा वर्षांचा आहे, हे सगळ्यांनी मनातल्या मनात मान्य करून टाकले होते.

१५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली तेव्हा हे उपयोगी पडले. पूर्वी पिकाची नोंद तलाठी करी. आता शेतकऱ्याने शेतात उभे राहून अॅपवर फोटो काढायचा. म्हणजे व्यवहारात मुलाने काढायचा आणि बापाने मागे उभे राहून ‘सूर्य मागं घे’ अशा सूचना द्यायच्या. अॅप गट क्रमांक विचारते, ठिकाण तपासते, आणि कधी कधी म्हणते की तुम्ही तुमच्या गटात नाही. आयुष्यभर जो बांध एका हातानेही सरकू दिला नाही, त्या बांधाच्या आत उभ्या माणसाला हे ऐकावे लागते. शेजारचा चुलतभाऊ ते ऐकून हसतो. त्याला ती गोष्ट कोर्टात आधीपासून सिद्ध करायची होती.

आता मूळ मुद्दा. आजच्या घरात कर्ता ओळखायचा कसा? सातबारा कोणाच्या नावावर आहे, हे पाहून कळत नाही. ओसरीवर कोण बसते, यावरूनही नाही. आधार कार्डाला कोणाचा मोबाइल नंबर जोडला आहे, ते पाहावे. पुष्कळ घरांत आई-वडिलांच्या आधारला थोरल्या मुलाचा नंबर असतो, कारण कार्ड काढले तेव्हा घरात मोबाइल त्याच्याकडेच होता. तो मुलगा पुढे चाकणला कंपनीत लागला. आता आळ्यात वडिलांना काही अर्ज भरायचा झाला, की सेवा केंद्रात वडील, समोर यंत्र, आणि ओटीपी चाकणला. मुलगा शिफ्टमध्ये असतो. मोबाइल लॉकरमध्ये असतो. ओटीपी काही मिनिटेच जिवंत राहतो. केंद्रातला पोरगा म्हणतो, ‘बाबा, उद्या या.’ बाबा उद्या जातात. शेतीत पाऊस, बाजारात कांद्याचा भाव आणि घरात ओटीपी, या तिन्हींपुढे बाबांचे काही चालत नाही. त्यांतल्या तिसऱ्याला त्यांनी स्वतः लहानाचे मोठे केलेले असते.

लाडकी बहीण योजनेने हा अभ्यास पूर्ण केला. २०२४ मध्ये योजना सुरू झाली, पात्र बाईच्या खात्यात महिना १५०० रुपये येऊ लागले आणि बऱ्याच घरांत पहिल्यांदा बायकोने नवऱ्याला उसने दिले. मग सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी आली. त्यात बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचे किंवा वडिलांचे आधार आणि त्यावर येणारा ओटीपी मागितला गेला. मुंबईत असलेले, गावात असून बोलत नसलेले, बोलत असून आकडा सांगायच्या आधी ‘आधी माझे पैसे दे’ म्हणणारे, असे सर्व प्रकारचे नवरे एकदम महत्त्वाचे झाले. ज्यांना वर्षानुवर्षे कोणी काही विचारले नव्हते, त्यांना दिवसातून चार वेळा फोन येऊ लागला. माहेरी आलेल्या बाईला नवऱ्याशी सहा आकड्यांपुरते बोलावे लागले. सहा आकडे सांगून फोन ठेवणारे नवरे होते, तसे आकडे सांगून ‘कधी येतेस?’ म्हणणारेही निघाले. सरकारी संकेतस्थळाने जोडपी जोडण्याचे काम हाती घेतले नव्हते, त्यामुळे त्याचे श्रेय त्याला कोणी दिले नाही.

या सगळ्यावर उपाय करणारी गावेही महाराष्ट्रात आहेत. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातले मोहित्यांचे वडगाव यांत पहिले. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, घरोघर टीव्ही आणि मोबाइल बंद होतात, आणि साडेआठला पुन्हा भोंगा वाजेपर्यंत मुले अभ्यास करतात व मोठी माणसे एकमेकांशी बोलतात. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाने अठरा वर्षांखालच्या मुलांच्या मोबाइल वापरावर बंदीचा ठराव केला. दोन्हींत भोंग्याचा मार्ग शहाणपणाचा दिसतो, कारण तो मोठ्यांनाही लागू आहे. बंदी फक्त मुलांवर घातली की ती मोडली हे सांगायला घरातला जो माणूस उठतो, त्याच्या हातात मोबाइल असतो.

असा भोंगा आपल्याकडे वाजेल तेव्हा वाजेल, तोवर आळेकरांनी आणि इतर गावांतल्या वडीलधाऱ्यांनी एक काम करून टाकावे. आपल्या आधारला अजून मुलाचा, जावयाचा किंवा बंद पडलेला नंबर असेल, तर आधार केंद्रावर स्वतः जाऊन तो बदलून घ्यावा. त्यासाठी वेगळे कागदपत्र लागत नाही, शुल्क किरकोळ असते आणि अंगठा आपलाच चालतो. जाताना नातवाला बरोबर न्यावे. फॉर्म तोच भरणार आहे.